एका तापाची अनेक नावे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. अकरावीच्या वर्गातला एक विद्यार्थी तीन आठवडे गैरहजर राहून परत आला. चेहरा उतरलेला, अंगात त्राण नाही. रजेच्या अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला होता. त्यावर 'स्क्रब टायफस' असे लिहिलेले होते. मी ते घाईघाईने वाचले, मनातल्या मनात 'टायफॉइड' असे समजलो आणि वडीलकीच्या सुरात त्याला सांगितले, "पाणी उकळून पीत जा. उघड्यावरचं काही खाऊ नकोस."

मुलगा चौकस होता. तो म्हणाला, "सर, डॉक्टरांनी पाण्याचं काही सांगितलं नाही. गवतात बसू नकोस म्हणाले."

मी ओशाळलो. भौतिकीच्या तासाला कोणी 'वजन' आणि 'वस्तुमान' हे शब्द एकमेकांऐवजी वापरले, की मी त्याला लगेच टोकतो. येथे मात्र मी स्वतःच एका आजाराच्या जागी दुसरा आजार गृहीत धरून सल्ला देऊन मोकळा झालो होतो! त्या दिवशी घरी गेल्यावर पुस्तके काढून बसलो, तेव्हा कळले की ही चूक माझ्या एकट्याची नाही. या दोन नावांनी मोठमोठ्या डॉक्टरांनाही अनेक वर्षे चकविले आहे. त्या नावांची ही हकीकत आहे.

धूर आणि झाकोळ

'टायफस' हा शब्द मूळचा ग्रीक. 'ट्यूफॉस' म्हणजे धूर किंवा वाफ. धुराने डोळ्यांपुढचे दिसेनासे होते, तसा बुद्धीवर आलेला झाकोळ, हा त्याचा लाक्षणिक अर्थ. तापात रोग्याला येणाऱ्या गुंगीला हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्य हा शब्द लावीत. त्यांच्या लेखी ते एका अवस्थेचे नाव होते, एका विशिष्ट रोगाचे नव्हे.

रोगाचे नाव म्हणून तो शब्द रूढ झाला अठराव्या शतकात. फ्रान्समधील माँपेलिए येथे बॉस्ये द सॉव्हाज नावाचे वैद्य होते. ते वनस्पतिशास्त्रज्ञही होते आणि वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या लिनीअसशी त्यांचा स्नेह होता. वनस्पतींची जशी कुळे आणि जाती लावतात, तशीच रोगांचीही लावावीत, असा त्यांनी घाट घातला. १७६० च्या सुमारास त्यांनी एका प्रकारच्या सांसर्गिक तापाला 'टायफस' हे नाव दिले.

नाव चपखल होते. या रोगात एकाएकी थंडी वाजून ताप भरतो. तो ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. डोके असह्य दुखते. पाचव्या दिवसाच्या सुमारास छातीपोटावर तांबूस ठिपके उठतात आणि ते हातापायांकडे पसरतात. पुढे रोग्याला भान राहत नाही. तो बरळतो, हातवारे करतो, किंवा नुसता डोळे उघडे ठेवून पडून राहतो. जणू त्याच्या आणि जगाच्या मध्ये धुराचा पडदा आला आहे.

आपल्याकडे परिभाषा घडविणाऱ्यांनीही हेच लक्षण धरले. मराठीत टायफसला 'प्रलापक सन्निपात ज्वर' असे म्हटले गेले. प्रलाप म्हणजे बरळणे. हिंदीत त्याला 'तंद्रिक ज्वर' म्हणतात. तंद्रा म्हणजे गुंगी. कोणाला धूर दिसला, कोणाला तंद्री, कोणाला बडबड. पण तिन्ही नावांत पाहिले गेले ते खाटेवरच्या रोग्याकडेच.

काहींनी झाकोळाऐवजी ठिपक्यांकडे पाहिले. इटलीतील वैद्य फ्राकास्टोरो यांनी १५४६ साली संसर्गाविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात या तापाचे वर्णन आहे. ठिपके मसुरीच्या दाण्यांसारखे दिसतात म्हणून त्यांनी मसुरीच्या लॅटिन नावावरून त्याला नाव दिले. (प्रयोगशाळेतले आपले 'लेन्स', म्हणजे भिंग, हेही याच मसुरीवरून आलेले आहे. बहिर्गोल भिंगाचा आकार मसुरीच्या दाण्यासारखा असतो ना!) जर्मन लोक आजही टायफसला 'फ्लेकफीबर', म्हणजे डागांचा ताप, असेच म्हणतात.

लोकांनी ठेवलेली नावे

विद्वान मंडळी अशी ग्रीक-लॅटिन नावे देत होती, तेव्हा सामान्य लोकांची स्वतःची नावे होतीच. इंग्रजीत या तापाला तुरुंगताप, जहाजताप, छावणीताप, दुष्काळताप, इस्पितळताप अशी नावे होती. या प्रत्येक नावामागे कटू अनुभव आहे.

तुरुंगताप का? १५७७ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे न्यायसत्र भरले होते. तुरुंगात खितपत पडलेले कैदी न्यायालयात उभे केले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत न्यायाधीश, पंच आणि प्रेक्षक तापाने आजारी पडले. सुमारे तीनशे माणसे मरण पावली. 'काळे न्यायसत्र' म्हणून ते इतिहासात कुप्रसिद्ध झाले. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात असेच घडले. या वेळी मेलेल्यांत शहराचे महापौर आणि न्यायाधीशही होते.

लोकांनी दोष दिला तो दुर्गंधीला. घाणेरड्या हवेतून रोग होतात, अशी तेव्हा सार्वत्रिक समजूत होती. 'मलेरिया' या शब्दाचा इटालियन भाषेतला मूळ अर्थही 'वाईट हवा' असाच आहे. मग न्यायाधीश सुगंधी फुलापानांचे गुच्छ हाती घेऊन न्यायालयात येऊ लागले. स्टीफन हेल्स हे वनस्पती आणि प्राण्यांवर प्रयोग करणारे नामांकित शास्त्रज्ञ. त्यांच्या योजनेनुसार लंडनच्या न्यूगेट तुरुंगावर पवनचक्की बसवून आतली हवा बाहेर काढण्याची व्यवस्था केली गेली. यंत्र चांगले होते, परंतु ते बसविणाऱ्या कामगारांपैकीच काहींना तुरुंगताप झाला!

जहाजताप का? आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला. १८४७ साली हजारो भुकेली कुटुंबे जहाजांच्या तळघरांत दाटीवाटीने बसून कॅनडाकडे निघाली. क्वेबेकजवळच्या ग्रोस बेटावर त्यांना उतरवून घेत. तेवढ्या एका वर्षात त्या बेटावर पाच हजारांहून अधिक माणसे पुरावी लागली. दुष्काळताप हे नाव तर उघडच आहे. १८४८ साली जर्मनीच्या अप्पर सायलेशिया भागात साथ आली. पाहणीसाठी गेलेला तरुण डॉक्टर रूडॉल्फ फिरखो याने आपल्या अहवालात औषधांची यादी दिली नाही. दारिद्र्य आणि शिक्षणाचा अभाव दूर करा, असे त्याने सरकारला सुनावले.

आता वाचकहो, क्षणभर थांबा. तुरुंग, जहाज, सैन्याची छावणी, दुष्काळाचा तळ, जुने इस्पितळ. या पाच ठिकाणांत समान काय आहे? उत्तर मनाशी ठरवा आणि मगच पुढे वाचा.

दाटी? होय. घाण हवा? तीही होती. पण आणखी एक गोष्ट आहे. या पाचही ठिकाणी माणसे एकमेकांना चिकटून झोपतात, त्यांना अंघोळ मिळत नाही आणि दिवसरात्र अंगावर तेच कपडे असतात.

ब्रिटिश नौदलातील डॉक्टर जेम्स लिंड यांच्या हे ध्यानात आले होते. खलाशांच्या स्कर्व्ही रोगावर लिंबू-संत्र्याचा प्रयोग करणारे तेच हे लिंड. जहाजावर नवे खलाशी घेताना त्यांचे कपडे उतरवा, त्यांना न्हाऊ घाला, नवे कपडे द्या आणि जुने कपडे भट्टीत तापवा, असे त्यांनी सांगितले. कारण ठाऊक नसताना उपाय मात्र अचूक सापडला होता! परंतु कारण न कळल्यामुळे तो सगळीकडे पोचला नाही.

'सारखा' या शब्दाने केलेला घोळ

दरम्यान दुसराच गोंधळ वाढत होता. दीर्घकाळ चालणारा ताप आणि गुंगी ही लक्षणे आणखी एका रोगात दिसत. १८२९ साली पॅरिसचे डॉक्टर पिएर लुई यांनी अशा रोगाने मेलेल्यांची शवविच्छेदने केली. त्यांना लहान आतड्यात ठरावीक जागी व्रण आढळले. या तापाला त्यांनी 'टायफॉइड' म्हटले.

'ऑइड' या प्रत्ययाचा अर्थ 'सारखा'. 'ॲस्टर' म्हणजे तारा, म्हणून 'ॲस्टेरॉइड' म्हणजे ताऱ्यासारखा दिसणारा. लघुग्रह काही तारा नसतो, दुर्बिणीतून तसा भासतो इतकेच. त्याचप्रमाणे टायफॉइड म्हणजे टायफससारखा. टायफस नव्हे!

पण नावच असे, की दोन्ही रोग एकच आहेत किंवा एकाच रोगाची दोन रूपे आहेत असे पुष्कळांना वाटे. १८३६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे साथ आली. पिएर लुई यांचे शिष्य विल्यम गेरहार्ड यांनी तेथे शवविच्छेदने केली, तर आतड्यात व्रण नव्हते. १८३७ साली त्यांनी लिहिले की, हे दोन वेगळे रोग आहेत. १८५० च्या सुमारास लंडनच्या विल्यम जेनर यांनी कितीतरी रोग्यांच्या बारीक नोंदी ठेवून हेच सिद्ध केले. (देवीची लस काढणारे एडवर्ड जेनर ते वेगळे. नावांचे घोळ असे सगळीकडे असतात!)

टायफॉइडचे जंतू रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात आणि अन्नात शिरतात. म्हणून तेथे पाणी शुद्ध करणे आणि संडासाची नीट सोय करणे हा उपाय. टायफसला पाण्याशी काही देणेघेणे नाही. नावात फरक एका प्रत्ययाचा, पण उपायात जमीन-अस्मानाचे अंतर!

आणि घोळ अजून मिटलेला नाही. जर्मन भाषेत 'टायफस' हे नाव आजही आपल्या टायफॉइडला लावतात. मराठीत आपण टायफॉइडला 'विषमज्वर' म्हणतो. परंतु आयुर्वेदात विषमज्वर म्हणजे चढउतार होणारा, अंतराअंतराने येणारा ताप, आणि तो पुष्कळदा हिवतापाशी जुळतो. म्हणजे जुने पुस्तक उघडताना प्रथम विचारायला हवे, की येथे हे नाव कोणत्या रोगाला लावले आहे?

इस्पितळाच्या दारात सापडलेले उत्तर

टायफसचे कोडे सुटले ते उत्तर आफ्रिकेत, ट्यूनिस शहरात. तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक म्हणून शार्ल निकोल १९०३ साली आले. त्याच सुमारास जवळच्या एका तुरुंगात टायफसची साथ होती. निकोल तेथे जाणार होते, पण प्रकृती बिघडल्यामुळे त्यांचे जाणे रहित झाले. त्यांच्याऐवजी गेलेले सहकारी डॉक्टर आणि त्यांचा नोकर, दोघेही टायफस होऊन मरण पावले.

इस्पितळात निकोल यांना एक विचित्र गोष्ट दिसली. गावात रोगी आपल्या घरच्यांना रोग देतो. दारात त्याला उतरवून घेणाऱ्यांना रोग होतो. त्याचे कपडे हाताळणाऱ्यांना आणि धुणाऱ्यांना होतो. पण तोच रोगी एकदा वॉर्डात पोचला, की शेजारच्या खाटेवरच्या रोग्यालाही काही होत नाही! हवा तर सगळीकडे तीच. मग दार आणि वॉर्ड यांच्या मध्ये काय घडते?

घडते ते इतकेच : रोग्याला अंघोळ घालतात, त्याचे केस कापतात आणि कपडे काढून घेतात. म्हणजे रोग पसरविणारी गोष्ट कपड्यांबरोबर निघून जाते. ती गोष्ट म्हणजे ऊ. १९०९ साली निकोल यांनी टायफस झालेल्या माकडांच्या अंगावर उवा सोडल्या आणि नंतर त्या निरोगी माकडांवर ठेवल्या. निरोगी माकडांना टायफस झाला. या शोधाबद्दल त्यांना १९२८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही ऊ डोक्यातली नव्हे, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर घरोघरी घबराट व्हायची! टायफसच्या साथी पसरविते ती कपड्यांत राहणारी ऊ. ती कपड्यांच्या शिवणीत राहते, तेथेच अंडी घालते आणि रक्त पिण्यापुरती कातडीवर येते. तिच्या वागण्यात भौतिकीच्या विद्यार्थ्यांना रस वाटेल अशी एक गोष्ट आहे. ती तापमानाविषयी फार चोखंदळ असते. निरोगी माणसाच्या कातडीला लागून असलेल्या कपड्यांत तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिला ते मानवते. रोग्याला ४० अंशांवर ताप चढला, की ते घर तिला उष्ण होते. रोगी मेला आणि देह थंड पडू लागला, की ते घर गार होते. दोन्ही वेळा ती बाहेर पडते आणि शेजारी झोपलेल्या माणसाच्या कपड्यांत शिरते. म्हणजे उवा घर बदलतात ते नेमके रोग शिगेला पोचतो तेव्हा.

शिवाय जंतू उवेच्या चाव्यातून शिरत नाहीत. ते तिच्या विष्ठेत असतात. माणूस खाजवितो आणि ते स्वतःच्याच नखांनी कातडीत चोळतो. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतही ते दीर्घकाळ टिकतात. कपडे झटकणाऱ्यांना रोग का होई, याचे उत्तर येथे मिळते. ऊ स्वतःही या जंतूंपासून सुटत नाही. तिच्या आतड्याच्या पेशी फुटतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत तीही मरते.

त्या जंतूचे शास्त्रीय नाव 'रिकेट्सिया प्रोवाझेकी'. 'रिकेट्स' म्हणजे मुडदूस, त्याच्याशी याचा संबंध नाही. हे नाव म्हणजे दोन संशोधकांचे स्मारक आहे. अमेरिकेचे हॉवर्ड रिकेट्स टायफसचा अभ्यास करताना १९१० साली मेक्सिको शहरात टायफसनेच गेले. स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक १९१५ साली जर्मनीतील एका युद्धकैद्यांच्या छावणीत तसेच गेले. त्यांचे सहकारी हेन्रिक दा रोशा लिमा यांनाही रोग झाला होता, परंतु ते वाचले. १९१६ साली त्यांनी जंतूला दोघांची नावे दिली.

नाव जुने, प्रश्न नवा

१८१२ साली नेपोलियनचे पाच लाखांहून मोठे सैन्य रशियावर चालून गेले आणि त्यातले थोडेच परतले. त्यांना थंडी आणि उपासमारीबरोबर टायफसने मारले, असे इतिहासात सांगितले जाते. लिथुआनियातील व्हिल्नियस येथे त्या सैनिकांचे सामुदायिक दफनस्थान सापडले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत काही सैनिकांच्या दातांत टायफसच्या जंतूंच्या खुणा मिळाल्या. २०२५ साली आणखी १३ सैनिकांच्या दातांतील डीएनए नव्या तंत्राने वाचला, तेव्हा टायफस मिळालाच नाही. मिळाले ते पॅराटायफॉइडचे आणि उवांतूनच पसरणाऱ्या पुनरावर्ती ज्वराचे जंतू. तेरा दातांवरून लाखो सैनिकांचा निवाडा करता येत नाही. परंतु दप्तरात लिहिलेले नाव आणि देहातला जंतू या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे मात्र पटते.

टायफस इतिहासजमा झाला, असेही समजू नका. आफ्रिकेतील बुरुंडी देशात १९९५ साली तो एका तुरुंगात दिसला आणि १९९७ पर्यंत यादवीमुळे विस्थापित झालेल्यांच्या छावण्यांत पसरून हजारो माणसे आजारी पडली. म्हणजे पुन्हा तुरुंगताप, पुन्हा छावणीताप! आता डॉक्सिसायक्लिनसारखे औषध वेळेवर दिले तर रोगी वाचतो. पण कपडे बदलण्याची आणि अंघोळीची सोय नसेल, तर उवा जातच नाहीत.

राहिला माझ्या विद्यार्थ्याचा स्क्रब टायफस. हा टायफसच्या गोतावळ्यातला असला तरी वेगळा रोग आहे. 'स्क्रब' म्हणजे झुडपे आणि गवत माजलेली जागा. तेथे कोळ्याच्या कुळातले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट असतात. त्यांच्या अळ्या चावल्याने हा रोग होतो. तो माणसाकडून माणसाला लागत नाही. चाव्याच्या जागी पुष्कळदा विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. काखेत, जांघेत ती असली तर सहज नजरेतून सुटते. त्याच्या जंतूचे नाव 'ओरिएन्शिया सुत्सुगामुशी'. जपानी भाषेत 'सुत्सुगा' म्हणजे आजार आणि 'मुशी' म्हणजे किडा. २०१८ साली नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत याचे पुष्कळ रुग्ण आढळले होते. टायफॉइडवर चालणारे सेफ्ट्रिॲक्झोनसारखे औषध येथे उपयोगी पडत नाही, डॉक्सिसायक्लिन पडते. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर ताप आला तर शेतात, गवतात वावरल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि अंगावर कोठे खपली असल्यास ती दाखवावी.

ग्रीक नाव रोग्याकडे पाहून दिलेले होते. त्याने रोग कसा दिसतो ते सांगितले. लोकांनी दिलेली ओबडधोबड नावे रोग कोठे होतो ते सांगत होती, आणि कारणाची खूण त्यांतच होती. 'तुरुंगात काय असते, जे वॉर्डात नसते?' असा प्रश्न कोणीतरी चिकाटीने विचारायला तेवढी अनेक शतके जावी लागली.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवितो. वर्गात फळ्यावर रोगांची नावे लिहावीत : मलेरिया, हिवताप, टायफॉइड, विषमज्वर, कावीळ, गालगुंड, हत्तीरोग. कोणते नाव लक्षणावरून आले, कोणते अवयवावरून, कोणते समजुतीवरून, आणि कोणते नाव खरे कारण सांगते, याचे तक्ते मुलांनी करावेत. शेवटचा रकाना बहुधा रिकामाच राहील. तो का रिकामा राहिला, यावर चर्चा घ्यावी.

त्या मुलाचा दाखला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. मग वर्गात त्यालाच उभे करून ही सगळी हकीकत सांगायला लावली.